समुद्राला शनिवार कळत नाही

भरतीची वेळ मोबाइलवर दिसायला लागली त्याला फार वर्षं झालेली नाहीत. त्याआधी कोकणात हा हिशेब तोंडी व्हायचा, आणि जुन्या माणसांचा अजूनही होतो. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी काठोकाठ. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तासाचा ठोकताळा त्यातूनच आलेला. थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढायची की नाही एवढं ठरवायला तो पुरतो.

मुंबई-पुण्याहून शुक्रवारी रात्री निघणाऱ्या माणसाला तिथी ठाऊक नसते. त्याला शनिवार ठाऊक असतो. महाराष्ट्रातल्या दोन दिवसांच्या भटकंतीत जे काही बिघडतं, त्यातलं पुष्कळसं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. किनारा तिथीवर चालतो, काजवे नक्षत्रावर, कासवं त्यांच्या अंड्यांच्या मुदतीवर, धबधबा वरच्या डोंगरातल्या पावसावर. आपण मात्र हाफिसच्या सुट्टीवर चालतो आणि समोरच्यानेही तसंच चालावं अशी अपेक्षा ठेवतो.

अलिबागचं उदाहरण घ्या. समोरचा कुलाबा किल्ला ओहोटीत चालत जाऊन बघता येतो, म्हणून सगळ्यांचा लाडका. शनिवारी अष्टमी असेल तर भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे दुपारी बाराला पाणी उतरलेलं. नाश्ता उरकून निघालेला पर्यटक आरामात किल्ल्यावर पोचतो. त्यातून अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. मात्र तेवढ्यामुळेच भांगाच्या ओहोटीतही वाटेत गुडघाभर पाणी राहू शकतं, आणि मग मंडळी म्हणतात, गेल्या वेळी तर कोरडं होतं! गेल्या वेळी उधाण होतं. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. पण तेव्हा ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, आणि भर दुपारी किल्ल्याला चहूबाजूंनी समुद्र असतो. आत रेंगाळलेल्यांना मग होडीची वाट बघत बसावं लागतं.

किल्ल्यापेक्षा पोहण्याचा मामला गंभीर आहे. पौर्णिमेच्या शनिवारी दुपारी बाराला पाणी भरलं, की त्यानंतर सहा तास ते उतरत राहतं. आपला पर्यटक सुरमईचं ताट जेवून, थोडा लवंडून, अडीच-तीनला पाण्यात शिरतो. म्हणजे नेमका उधाणाच्या ओहोटीत, पाणी सगळ्यात जोरात आत खेचत असताना. नकाशावर हा तोच किनारा असतो जिथे सकाळी पोरं कमरेएवढ्या पाण्यात खेळत होती.

त्यात भर पडते ती ओढीची. लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी परत जायला एखादी अरुंद वाट शोधतं: वाळूच्या दांड्यामधली फट, खडकाची कड, खाडीचं तोंड. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून पाणी शांत दिसतं आणि नवखा माणूस नेमकी तीच जागा निवडतो. एकदा त्यात सापडल्यावर किनाऱ्याच्या दिशेने हात मारत राहणारा दमून बुडतो. सुटायचं असेल तर तरंगत राहायचं आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडायचं. किनाऱ्यावरचे कोळी ही ओढ पाण्याच्या रंगावरून ओळखतात. 'पाणी ओढतंय, नका जाऊ' असं ते ओरडूनही सांगतात, आणि हे आपल्याकडून होडीचे पैसे काढायला आलेत अशा नजरेने त्यांच्याकडे बघितलं जातं. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्यानंतर फलक लागले, जीवरक्षक नेमले गेले. काशीद, गणपतीपुळे, हरिहरेश्वर ही नावं तरीही दर वर्षी बातम्यांत असतातच. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट तर समुद्राकाठच्या खडकांवरून जाते. ती ओहोटीतच करायची हे देवळाजवळचं शेंबडं पोरही सांगेल, पण विचारायला हवं.

2025 मध्ये राज्यातल्या पाच किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं: श्रीवर्धन, नागाव, डहाणूचा पारनाका, गुहागर आणि लाडघर. पाण्याची स्वच्छता, सुरक्षा, सोयी अशा कसोट्यांवर ते मिळतं. चांगली गोष्ट आहे. पण झेंडा लागला म्हणून समुद्राची ओढ कमी होत नाही, आणि वाळूत थेट जीपगाडी घालणाऱ्याचं डोकं ताळ्यावर येत नाही. भरती चढत असताना रुतलेली गाडी ट्रॅक्टर लावून काढायची, हा किनाऱ्यावरच्या काही गावांत रविवारचा जोडधंदाच झाला आहे.

वेळासला पर्यटक जरा वेगळा शहाणपणा शिकून येतो. मंडणगड तालुक्यातलं हे गाव पूर्वी नाना फडणवीसांचं म्हणून माहीत होतं, आता कासवांचं म्हणून आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या वर अंडी घालते आणि निघून जाते. ही अंडी पूर्वी सर्रास चोरली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जपायला सुरुवात केली. घरटी शोधायची, अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागेत हलवायची, साधारण पन्नास-पंचावन्न दिवस थांबायचं. पिल्लं वाळूतून वर आली की सकाळी किंवा संध्याकाळी त्यांना समुद्राकडे सोडायचं. ते बघायला फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत लोक येतात, गावातल्याच घरांत उतरतात, पडवीत गाद्या टाकून झोपतात, उकडीचे मोदक खातात.

आणि कधीकधी एकही पिल्लू न बघता परत जातात. घरट्यावरची टोपली उचलली, खाली वाळू तशीच. वाळूचं तापमान कमी राहिलं असेल, दिवस भरले नसतील. आलेल्यांपैकी काहींचा चेहरा यावर पैसे परत मागणाऱ्या गिऱ्हाइकासारखा होतो. मला तर वेळासची ही सगळ्यात चांगली बाजू वाटते. इथे गावाने हमी द्यायचं नाकारलं आहे.

काजव्यांनाही हमी देता येत नाही, पण भंडारदऱ्याला ती दिली जाते. रोहिणी नक्षत्र लागलं, वळवाच्या एकदोन सरी झाल्या, की अकोले तालुक्यात कळसूबाईच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे चमकायला लागतात. अख्खं झाड एका लयीत उजळतं आणि विझतं. मृगाचा पाऊस जोरात सुरू झाला की संपलं. म्हणजे हाती असतात जेमतेम दोन-तीन आठवडे, आणि त्यातले दोन-तीनच शनिवार. त्या शनिवारी घाटाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. उजेड हीच काजव्यांची भाषा आहे. नर चमकून बोलावतो, मादी चमकून उत्तर देते. हेडलाइट, टॉर्च आणि मोबाइलच्या फ्लॅशमध्ये हा संवाद तुटतो. ज्या झाडाखाली शंभर माणसं उभी राहतात, तिथे पुढच्या वर्षीचे काजवे जन्माला घालणारी मंडळी गोंधळून बसतात. हा भाग अभयारण्यात येतो. वनखातं नाक्यावर शुल्क घेतं, नियम लावतं, गावातली पोरं रस्त्यावर उभी राहून दिवे बंद करायला सांगतात. ऐकणारे ऐकतात. बाकीचे रील काढतात.

याच भागात कळसूबाई आहे, 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडायची, पहाटे स्टेशनवर उतरून जीपने घोटीमार्गे बारी गावात यायचं आणि चढायला लागायचं, ही मुंबईच्या भटक्यांची जुनी चाल. आता बहुतेक जण बसने थेट पायथ्याशी येतात. बारीच्या घरांतून पहाटे पोहे आणि चहा, उतरल्यावर पिठलं-भाकरी. कड्याला लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. पावसाळ्यातल्या रविवारी त्या शिड्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात, खाली रांग वाढत जाते, आणि निम्मी वरात धुक्यात काही न दिसता परत फिरते. लोहगडावर, हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर, कलावंतीणच्या सुळक्यावर हेच. लोहगड 2025 च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत गेला, मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर. गर्दी कमी होण्याची चिन्हं अर्थातच नाहीत.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं इंद्रवज्र हाही असाच एक तिथी न पाळणारा पाहुणा. कड्याचं तोंड पश्चिमेला. खाली दरीत धुकं भरलेलं आणि पाठीमागून ऊन आलेलं, असं जुळलं तर गोल इंद्रधनुष्य दिसतं आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. ऊन पूर्वेकडून, म्हणजे सकाळचं हवं. आदल्या रात्री गडावर पोचलेला माणूस उजाडल्यावर कड्यावर निवांत बसला तर त्याला संधी असते. अकरा वाजता धापा टाकत येऊन बाराला परत फिरणाऱ्याला नसते.

पावसाळ्यात प्रशासनाला या सगळ्यावर एकच उपाय सुचतो, बंदी. 2024 च्या 30 जूनला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पुढच्या वर्षी 15 जूनला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवर गर्दीने भरलेला जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार माणसं गेली. दोन्ही दिवस रविवारचे. दर वर्षी जून-जुलैत जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात आणि धबधब्यांच्या याद्या जाहीर होतात. पोलीस फाट्यावर उभे राहून गाड्या परत पाठवतात. लोक मग यादीत नसलेल्या धबधब्याकडे जातात, जिथे ना पोलीस असतो ना दोर.

बंदीने अपघात काही प्रमाणात टळत असतीलही. पण भुशीला माणसं वाहून गेली ती पाण्याच्या स्वभावामुळे. आपण उभे आहोत तिथे पाऊस नसला तरी वरच्या पठारावर तो कोसळत असतो, आणि ओढ्याचं पाणी मिनिटांत चढतं. आधी ते गढूळ होतं, मग काटक्या आणि पालापाचोळा वाहून येतो, आवाज बदलतो. एवढं दिसलं की त्याच क्षणी, सामान टाकून, बाजूच्या उंचवट्यावर जायचं. गुराख्याच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. साम्रदच्या सांदण दरीसारख्या अरुंद घळीत तर पावसाच्या दिवसांत शिरायचंच नाही. दोन्हीकडे उभे कातळ, वर जायला जागाच नाही.

बंदीपेक्षा मोजणी बरी, हे कास पठाराने दाखवून दिलं आहे. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा झाला तेव्हा कासही त्यात आलं, आणि फुलांच्या हंगामात तिथे लोंढे सुरू झाले. लोक फुलांत लोळून फोटो काढत. मग दिवसाला 3000 माणसांची मर्यादा आली, ऑनलाइन नोंदणी आली, प्रवेश शुल्क आलं, आणि आसपासच्या गावांच्या समित्या व्यवस्थेत आल्या. कुंपणावरून वादही झाले. पण संख्या ठरली की शनिवारची जागा संपते आणि माणूस आपोआप बुधवार शोधतो. कळसूबाईच्या शिड्यांना आणि हरिहरच्या पायऱ्यांना अशी मर्यादा लावायला काय हरकत आहे, हे मला कळलेलं नाही.

आता पवनेकडे. तंबूत राहण्याची हौस महाराष्ट्रात सगळ्यात जास्त जिथे भागवली जाते ते हे ठिकाण. मावळात पवना धरणाच्या पाण्याभोवती लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग असे चार किल्ले उभे. काठाकाठाने रंगीत तंबूंच्या ओळी. माणशी हजार-दीड हजारात संध्याकाळचा चहा-भजी, बार्बेक्यू, जेवण, शेकोटी, गाणी, सकाळचे पोहे. हिवाळ्यातल्या शनिवारी रात्री एका काठावर हिंदी गाणी आणि समोरच्या काठावर मराठी, मध्ये पाणी दोन्ही आवाज परत पाठवत राहतं. तारे बघायला आलेल्याला इथे माळेचे दिवे दिसतात.

नाक मुरडणं सोपं आहे. पण हा काठ कुणाचा, हे विचारलं की चित्र बदलतं. धरण सत्तरच्या दशकात झालं. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यातल्या अनेकांचं पुनर्वसन रखडलं आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून त्यासाठी भांडत आहेत. पाणी गेलं पिंपरी-चिंचवडला. ते बंद नळातून नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन पेटलं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. सहलीला येणाऱ्या विशीतल्या पोरांना हे माहीत असण्याचं कारण नाही. तंबू लावून देणाऱ्या विशीतल्या पोराला माहीत असतं. ज्या पाण्याने त्याच्या आजाची शेती घेतली, त्या पाण्याकडे बघायला लोक पैसे मोजतात हे त्याला कळलं, आणि उरलेल्या तुकड्यावर त्याने धंदा उभा केला. त्यात मग बाहेरचे आले, जमिनी भाड्याने घेऊन तंबूंची रांग लावणारे आले, आणि स्थानिक पोरगा कित्येक ठिकाणी मालकाऐवजी वाढपी झाला.

आणखी एक हिशेब आहे, तो पिंपरी-चिंचवडच्या मंडळींनी आवर्जून करावा. पवनेचं पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यावर येतं, तिथून उचललं जातं, शुद्ध होऊन नळाला जातं. तंबूंचं सांडपाणी, बार्बेक्यूची खरकटी ताटं, काठावरच फोडलेल्या बाटल्या, सगळं त्याच पाण्याच्या उतारावर. शनिवारी चिंचवडहून येऊन काठावर हात धुणारा माणूस काही दिवसांनी आपलंच पाणी पितो. पवनेला जाऊच नये असं मी म्हणणार नाही. जिथे शौचालयाची धड टाकी आहे, कचरा परत नेला जातो, रात्री दहानंतर आवाज बंद होतो आणि मालक गावातला आहे, तिथे जावं. हे चार प्रश्न फोनवर विचारता येतात. आणि धरणात उतरू नये. तळाशी गाळ, बुडालेल्या बांधांची उंचसखल जमीन, दोन पावलांत खोल. समुद्रासारखी लाट नसल्यामुळे भीतीही वाटत नाही, आणि तिथेच घात होतो.

साहसी पर्यटनाचं राज्याचं धोरण 2021 मध्ये आलं. जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसं आणि नीट साधनं ठेवावीत, असं त्यात आहे. फोन नंबर आणि एक पोस्टर एवढ्या भांडवलावर ट्रेक काढणारे तरीही भरपूर आहेत. पन्नास जणांमागे दोन 'लीडर', आणि त्यातला एक मागच्या महिन्यात स्वतःच पहिल्यांदा आलेला.

काही झालंच तर धावून कोण येतं? लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वरचे सह्याद्री ट्रेकर्स. सगळे आपापली नोकरी-धंदा सांभाळणारे स्वयंसेवक. त्यांच्याही आधी पोचतात ती पायथ्याच्या गावातली माणसं. 2023 च्या 19 जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाला जाणारे भटके त्या ठाकरवाडीत पिढ्यान्‌पिढ्या थांबलेले, तिथे पाणी प्यायलेले, भाकरी खाल्लेले. गाडीरस्ता नव्हता. अंधारात, पावसात पायवाटेने वर चढून गेलेल्या पहिल्या लोकांत खोपोलीकडचे गिर्यारोहक होते. वाट त्यांच्या पायाखालची होती म्हणून ते जाऊ शकले.

गो. नी. दांडेकरांनी राजमाचीवर 'माचीवरला बुधा' ही कादंबरी लिहिली ती त्या माचीवर वारंवार राहून. तेवढी सवड आज कुणाला नाही, आणि दोन दिवसांच्या सुट्टीत किल्ला बघून येणारा माणूस काही कमी प्रतीचा भटका नव्हे. पण राजमाचीला जाताना उधेवाडीतल्या एखाद्या घरी मुक्काम करता येतो, तिथल्या माणसाला वाटाड्या म्हणून सोबत घेता येतं, आणि त्याचे पैसे घासाघीस न करता देता येतात. ढोरवाट कुठली आणि माणसांची वाट कुठली, टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का, कुठल्या घळीत दगड सुटतात, हे त्याला माहीत असतं. गूगलच्या नकाशावर तिन्ही गोष्टी नसतात.

तेव्हा या हिवाळ्यात बेत आखताना आधी जागेचं पंचांग बघा, मग रजेचा अर्ज करा. समुद्रावर जाणार असाल तर तिथीची पाऊणपट काढा आणि उतरत्या पाण्यात शिरू नका. वेळासला जाणार असाल तर पिल्लू दिसलं नाही तर चालेल अशा तयारीने जा. डोंगरात सुकलेलं गवत असेल तिथे शेकोटी पेटवू नका, वणवा लागला की अख्खा उतार जातो. निघताना घरी सांगून जा, कुठली वाट आणि कधी परत. अडचणीत 112 लावा. आणि पुढच्या मे अखेरीस भंडारदऱ्याला काजवे बघायचेच असतील, तर मंगळवारी जा.